गोधडीसाठी कोणती चिंधी ठेवावी?

गोधडी म्हणजे जुन्या कापडांचे थर एकावर एक अंथरून धावदोऱ्याने एकजीव केलेले पांघरूण. घाटावर आणि मराठवाड्यात तिला वाकळ म्हणतात. जळगावला लागून असलेल्या पिंप्राळ्यात आणि एकूणच खानदेशात गोधडी. रजईत पिंजलेला कापूस भरतात. गोधडीत वरचा पाट कापडाचा, खालचे अस्तर कापडाचे आणि मधली भरही कापडाचीच असते. त्यामुळे घरातल्या जवळजवळ प्रत्येक चिंधीला गोधडीत जागा असल्यासारखे वाटते, आणि गाठोडे फुगत जाते. प्रत्यक्षात काही तुकडे गोधडीचे आयुष्य वाढवतात, तर काही तुकड्यांमुळे तिचे इतर कापडही लवकर फाटते.

दोन-तीन पिढ्यांपूर्वी ही निवड सोपी होती. नेसायचे लुगडे, धोतर, सदरा, मांजरपाटाची बंडी, सगळे सुती असे. अमळनेरच्या प्रताप मिलचे किंवा जळगावच्या खानदेश मिलचे कापड याच मुलखातल्या घराघरांत वापरले जाई. सुमारे ८ मीटर लांबीचे नऊवार लुगडे बसण्याच्या जागी आणि कासोट्याच्या ओढीने आधी विरते. तेवढा भाग कापून उरलेले दोन तुकडे जोडले की लुगड्याला दंड घातला असे म्हणत. दंड घातलेले लुगडेही जुनेर झाले की ते गोधडीत जाई. धड कपडे बोहारीण भांड्यांच्या बदल्यात घेऊन जाई, म्हणून गोधडीच्या वाट्याला आधीच नीट पारखलेले, मऊ झालेले सूत येत असे. १९६०-७० नंतर टेरिलीन, टेरिकॉट आणि नायलॉन घरात आले आणि गाठोड्यात सुती व कृत्रिम धाग्यांची सरमिसळ झाली. पारख आता शिवणाऱ्या बाईलाच करावी लागते.

या पारखीत आकार आणि रंग नंतर येतात. पहिला प्रश्न असा की तुकड्यात किती जीव उरला आहे आणि तो शेजारच्या तुकड्याच्या जोडीचा आहे का. शिवणीच्या दोन्ही बाजूंची कापडे सारख्या ताकदीची असली तर ओढ दोघांत वाटली जाते. कोऱ्या जाड कापडाचे ठिगळ विरलेल्या लुगड्यावर बसवले तर ठिगळाला काही होत नाही. त्याच्या कडेने लुगडेच फाटते. म्हणून शिंप्याच्या दुकानातले कोरे कातरण मिळाले तरी ते जुनेराच्या शेजारी लावू नये. त्याची वेगळी पिशवी करावी आणि पुरेसे जमल्यावर त्याचीच एक गोधडी शिवावी. अनेक गोधड्या अकाली फाटतात त्या याच चुकीमुळे, आणि ती टाळायला कसलाही खर्च लागत नाही.

जीव पाहायचा तो उजेडात. तुकडा खिडकीसमोर धरला की विरलेली जागा जाळीसारखी दिसते. मग दोन्ही अंगठे जवळ ठेवून कापड उभे आणि आडवे ताणावे. धड कापड ताण घेते. कुजलेले कापड कसलाच विरोध न करता फाटत जाते. जुन्या कपड्याची झीज सगळीकडे सारखी नसते, हे इथे उपयोगी पडते. चादर मधोमध विरते, पण तिच्या चारही कडा शाबूत राहतात. सदऱ्याची कॉलर, कोपर आणि घामाने खाल्लेली काख टाकावी. पाठीचा खालचा भाग ठेवावा. पायजम्याचा गुडघ्याखालचा भाग बहुधा चांगला निघतो. पडद्याचे कापड फसवे असते. ते कधी अंगावर घातलेले नसल्याने नवे वाटते, पण जिथे मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो तिथल्या उन्हाने त्याचा धागा आतून ठिसूळ झालेला असतो. बुरशीचे काळे ठिपके पडलेले कापडही धाग्यातच कुजू लागलेले असते. हळदीच्या डागासाठी मात्र चांगले सूत टाकू नये, तो डाग उन्हात फिका पडतो.

दुसरी पारख धाग्याची. सूत हवेतली आणि अंगाची ओल शोषून घेते. साधारण हवामानात १०० ग्रॅम कोरड्या सुतात सुमारे ८ ग्रॅम पाणी सामावते, पॉलिएस्टरमध्ये अर्धा ग्रॅमही नाही. म्हणूनच पॉलिएस्टरच्या साडीची गोधडी अंगाला चिकटते, घाम जिरवत नाही आणि निसरडी असल्याने भरही आत सरकते. कापड कशाचे आहे हे कळत नसेल तर दोन-चार धागे काढून चिमट्यात धरून जाळून पाहावेत. सूत कागदासारखे जळते आणि त्याची मऊ राख होते. पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक मणी बनतो. रेयॉनही सुतासारखेच जळते, तेव्हा ते ओळखायला धागा ओला करून ओढावा. ओले सूत कोरड्यापेक्षा बळकट असते, रेयॉन ओले झाले की त्याची ताकद निम्म्यापर्यंत उतरते. पाण्याने जड झालेली गोधडी पिळताना हा फरक लगेच जाणवतो. टेरिकॉटचे तुकडे टिकाऊ असतात, ते अंथरायच्या गोधडीत चालतात. जरीचा काठ अंगाला टोचतो, म्हणून काढून घ्यावा. बनियनचे ताणले जाणारे कापड पाटात लावले तर गोधडीला लाटा पडतात, ते आत सपाट अंथरावे. जीनचे दुहेरी-तिहेरी शिवणीचे भाग हातसुईला दाद देत नाहीत, म्हणून शिवणी कापून फक्त सपाट कापड घ्यावे. बटणे, हूक, चेन, इलॅस्टिक आणि कॉलरमधले बक्रम आधीच काढावे.

आकाराचा निर्णय गणिताने सुटतो. पाटात जोडताना तुकड्याची चारही बाजूंनी अर्धा-अर्धा इंच कड आत मोडावी लागते. २ इंचांच्या चौकोनातून मोडल्यावर १ इंचाचा चौकोन उरतो, म्हणजे तीन-चतुर्थांश कापड शिवणीतच जाते. ६ इंचांच्या तुकड्यात हेच नुकसान साधारण ३० टक्के असते. म्हणून चार बोटांपेक्षा अरुंद चिंधी पाटासाठी ठेवण्यात अर्थ नाही. भरीसाठी माप वेगळे. दोन दोऱ्यांत दोन बोटांचे अंतर असेल तर तुकडा किमान दोन दोऱ्यांत अडकेल एवढा हवा; नाहीतर दोन-तीन धुण्यांत तो गोळा होऊन कोपऱ्यात जमतो. जपानच्या उत्तरेकडील थंड भागात सूत दुर्मीळ होते. तीन दाणे बांधता येतील एवढे कापडही टाकू नये असा संकेत त्या देशात होता. खानदेशच्या कापूस पिकवणाऱ्या मुलखात इतकी काटकसर करण्याची गरज नाही. अमेरिकेत अलाबामातल्या गीज बेंड या वस्तीतल्या कृष्णवर्णीय स्त्रियांनी शेतकामाच्या कपड्यांपासून शिवलेल्या गोधड्या २००२ मध्ये ह्यूस्टन आणि न्यूयॉर्कच्या संग्रहालयांत मांडल्या गेल्या. त्यांचे लक्षात राहणारे गुणही झिजलेल्या निळ्या जीनच्या मोठ्या, सपाट पट्ट्यांत आहेत.

रंगाची परीक्षा कोऱ्या कातरणाला हमखास हवी. ओल्या पांढऱ्या चिंधीत तुकडा गुंडाळून रात्रभर ठेवावा; रंग उतरला तर तो तुकडा बाजूला काढावा. कोरे सूत पहिल्या धुण्यात आटते, म्हणून ते धुऊन, वाळवूनच गाठोड्यात ठेवावे. तान्ह्या बाळाच्या दुपट्यासाठी आजीच्या जुनेराचा किंवा धोतराचा, अनेकदा धुतल्याने मऊ पडलेला भाग सगळ्यांत चांगला. असा भाग हाती लागला की तो दुसऱ्या कशासाठीही वापरू नये.

गाठोडे सुती कापडात बांधावे, प्लॅस्टिकच्या पिशवीत ओल कोंडते. खळ लावलेल्या कापडाला कसर लागते, म्हणून खळ धुऊन काढावी आणि कडुनिंबाचा वाळलेला पाला घालावा. गाठोडे वर्षातून एकदा, होळीनंतर उन्हे तापली की, उघडून पुन्हा पारखावे. तेव्हा शेतीची कामे आटोपलेली असतात आणि गोधडी शिवण्याचे दिवस तेच. पिंप्राळ्यात आषाढी एकादशीला रथ निघतो, तोवर पाऊस सुरू झालेला असतो आणि धुतलेले जाड कापड वाळत नाही. पारखीत नापास झालेल्या सुती चिंध्यांची चुंबळ, पोतेरे किंवा पायपुसणे होते. अगदीच कुजलेले सूत उकिरड्यावर मातीत मिसळते. पॉलिएस्टरच्या चिंध्या मात्र तिथे टाकू नयेत, त्या वर्षानुवर्षे तशाच राहतात आणि खताबरोबर शेतात जातात.