बदकाचा आवाज आणि आडातली हाक

मागच्या महिन्यात आमच्या बचत गटाची बैठक झाली. हप्ते गोळा झाले, वहीवर सह्या झाल्या आणि उठता उठता एका ताईंनी मोबाइलवर आलेला निरोप वाचून दाखवला. ‘बदकाच्या आवाजाचा प्रतिध्वनी कधीच येत नाही. का येत नाही, हे शास्त्रज्ञांनाही ठाऊक नाही.’ सगळ्याजणी नवल करू लागल्या. एक आजी म्हणाल्या, “असंल बाई, देवाची करणी.”

मला मात्र आमच्या गावातली एक शेळी आठवली. तिची गोष्ट पुढे सांगतेच. आधी बदकाचं बघू.

प्रतिध्वनी म्हणजे परत आलेला आवाज. आपण हाक मारली की ती हवेतून एका सेकंदात साधारण 340 मीटर जाते. वाटेत भिंत किंवा डोंगराचा कडा लागला की भिंतीवर मारलेल्या चेंडूसारखी उलट फिरते. पण मूळ आवाज आणि परतलेला आवाज यांच्यात साधारण सेकंदाच्या दहाव्या भागाइतकं अंतर पडलं, तरच कानाला ते दोन वेगळे कळतात. तेवढ्या वेळात आवाज 34 मीटर जातो. जाणं आणि येणं दोन्ही धरायचं, म्हणून समोरची भिंत निदान 17 मीटर, म्हणजे 55-56 फूट लांब हवी. ती जवळ असेल तर परतलेला आवाज पहिल्यातच मिसळतो. त्याला आपण ‘आवाज घुमला’ म्हणतो.

औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला गेलेल्या बायकांना हे ठाऊक आहे. तिथला गाभारा जमिनीखाली, लहानसा. चार भिंती जवळजवळ. तिथं हळू आवाजात नाव घेतलं तरी ते सगळीकडून भरून येतं. विजापूरच्या गोल घुमटात भिंती लांब आहेत, म्हणून एकच टाळी पुन्हा पुन्हा ऐकू येते.

आता सांगा, आवाज माणसाचा आहे, म्हशीचा आहे की बदकाचा, हे भिंत विचारते का? ती सगळ्यांचाच आवाज परत पाठवते. 2003 मध्ये इंग्लंडमधल्या सॅलफर्ड विद्यापीठातले ध्वनिशास्त्राचे अभ्यासक ट्रेव्हर कॉक्स यांनी हे करूनच पाहिलं. त्यांनी डेझी नावाची बदकीण आणली. आधी तिला अशा खोलीत ठेवलं, जिथल्या भिंती आवाज गिळून टाकतात. मग आवाज खूप घुमणाऱ्या खोलीत नेलं. दोन्हीकडे तिचा आवाज नोंदवला. बदकाच्या आवाजाचाही प्रतिध्वनी येतो, हे स्पष्ट झालं.

मग लोकांना तो ऐकू का येत नाही? बदकाचा आवाज टाळीसारखा एकदम तुटत नाही, हळूहळू विरत जातो. त्याच्या शेपटातच प्रतिध्वनी मिसळून जातो. शिवाय तो आवाज फार मोठा नसतो, आणि बदकं असतात तळ्यावर, उघड्यावर. तिथं आवाज परतवायला जवळ कडा कुठला?

आता शेळीची गोष्ट. काही वर्षांपूर्वी आमच्या गटातल्या एका ताईंनी गटाच्या कर्जातून गाभण शेळी घेतली. एका संध्याकाळी ती कळपाबरोबर परत आली नाही. अंधार पडल्यावर गावाबाहेरच्या जुन्या, वापरात नसलेल्या आडाकडून ओरडणं ऐकू येऊ लागलं. आवाज जाड, लांबलेला, चार-पाच जनावरं जमिनीखालून ओरडावीत तसा. कधी इकडून वाटे, कधी तिकडून. ताई निघाल्या, तर शेजारच्या म्हाताऱ्या म्हणाल्या, “रातीच्या हाकंला ओ देऊ नये माय, चकवा असतो.” ताई दारातूनच मागे फिरल्या. मीही तो आवाज ऐकला होता. मी बी.ए. झालेली, शाळेत प्रतिध्वनीचा धडा पाठ केलेली. तरी मी दाराला कडी लावली.

सकाळी पोरांनी आडात डोकावलं. शेळी तळाच्या चिखलात मरून पडली होती. विमा काढलेला नव्हता. त्या ताईंनी मेलेल्या शेळीचे हप्ते वर्षभर भरले. दर महिन्याला त्यांचं नाव वहीत लिहिताना माझा हात जड व्हायचा.

त्या रात्री काय झालं असेल, हे आता कळतं. आडाच्या दगडी भिंती एकमेकींपासून थोड्याच फुटांवर. शेळीचं ओरडणं या भिंतीवरून त्या भिंतीवर आदळत राहिलं, म्हणून लांबलं आणि एकाचे अनेक आवाज वाटले. आवाज कुठून आला हे आपण दोन कानांच्या मदतीने ओळखतो. ज्या कानावर तो आधी आणि जरा जोरात पडतो, ती बाजू. पण खोल आडातला आवाज सरळ आपल्यापर्यंत येत नाही. तोंडातून वर येतो, आजूबाजूच्या भिंतींवर आपटून पोचतो. म्हणून दिशा फसते. चकवा आपल्या कानाला झाला होता. आडात फक्त घाबरलेली शेळी होती.

तेव्हा मैत्रिणींनो, रात्री असा आवाज आला तर तिघी-चौघी मिळून, बॅटरी घेऊन जा. जनावर असेल, नाहीतर एखादं लेकरूही असेल. काठापासून लांब उभं राहून उजेड टाका, मोठ्याने हाक मारा. आडात मात्र कुणीही उतरू नका. जुन्या आडात प्राणवायू कमी असू शकतो आणि वाचवायला उतरलेला माणूसही दगावतो. 112 वर फोन करा. आणि गावात असा उघडा आड असेल तर त्याच्यावर जाळी बसवण्याचा विषय ग्रामसभेत मांडा. आमच्या गटाने तो मांडला आणि जाळी बसेपर्यंत सोडला नाही.

बदकाच्या निरोपाचं म्हणाल तर, पुढच्या बैठकीआधी आम्ही सगळ्याजणी शाळेच्या लांब भिंतीसमोर गेलो. साठ पावलं मागे सरकून टाळी वाजवली. टाळी परत आली. मग एका ताईंनी शेळीचा आवाज काढला, तोही परत आला. देवाची करणी म्हणणाऱ्या आजींनी तीनदा टाळी वाजवून पाहिली आणि म्हणाल्या, “मंग त्या रातीला बी हेच व्हतं काय?”

हो आजी, हेच होतं.