सुधारित ॲपची पारख आणि शेतकऱ्याचा अभिप्राय

कपाशीचे नवे वाण हाती आले म्हणजे जाणता शेतकरी ते एकदम सर्व रानात पेरीत नाही. प्रथम तो ते थोड्या तासांत लावून पाहतो, शेजारी नेहमीचे वाण ठेवतो आणि बोंडे कशी धरली, कीड कितपत पडली हे ताडून मगच पुढील हंगामाचा निर्णय घेतो. मोबाईलवरील ॲपच्या नव्या आवृत्तीलाही हाच नियम लागू पडतो. ती तयार करणारे तज्ज्ञ कार्यालयात बसून काम करतात. तिचे गुणदोष मात्र शेताच्या बांधावरच उघड होतात.

ई-पीक पाहणीचे उदाहरण या दृष्टीने बोधप्रद आहे. काही तालुक्यांत प्रयोग करून झाल्यावर १५ ऑगस्ट २०२१ पासून ही योजना राज्यभर सुरू झाली. पूर्वी तलाठ्याने करावयाची पिकाची नोंद आता शेतकरी स्वतः छायाचित्रासह करू लागला. ही नोंद सातबाऱ्यावर चढते आणि हमीभावाने विक्री, पीककर्ज, विमा व नुकसानभरपाई या सर्व ठिकाणी तिचा आधार घेतला जातो. हिंगणघाटच्या बाजारात कापूस नेणाऱ्या शेतकऱ्याच्या सातबाऱ्यावर कपाशीच नसेल, तर हमीभावाच्या खरेदीत त्याची अडवणूक होते. म्हणून ॲपमधील लहानसा दोषही शेतकऱ्याच्या घरी मोठा होतो.

तक्रारीतून सुधारणा

पहिल्या वर्षी गावोगावच्या अडचणी व सूचना वर पोहोचल्या. त्या विचारात घेऊन १ ऑगस्ट २०२२ पासून दुसरी आवृत्ती देण्यात आली. पूर्वी मिश्र पिकांत मुख्य पिकाबरोबर दोनच दुय्यम पिके नोंदविता येत. ती आता तीन करण्यात आली. वर्धा जिल्ह्यात कपाशीच्या ओळींत तूर घेण्याची रीत जुनी आहे, आणि सोबत मूग व उडीद असल्यास चार पिके सहज होतात. अशा शेतकऱ्याला या बदलाचे मोल सांगावे लागत नाही. नजरचुकीने झालेली नोंद ४८ तासांच्या आत स्वतः दुरुस्त करण्याची मुभा मिळाली. ॲपमध्येच अभिप्राय नोंदविण्याची सोयही झाली.

पुढे खरीप २०२४ मध्ये डिजिटल पीक सर्वेक्षणाची नवी पद्धत ३४ जिल्ह्यांत प्रत्येकी एका तालुक्यात अजमावण्यात आली आणि त्यानंतरच्या रब्बीपासून ती राज्यभर लागू झाली. थोड्या क्षेत्रावर प्रयोग, नंतर प्रसार, हा शेतीतला क्रम येथेही पाळला गेला.

अभिप्राय कसा द्यावा?

“ॲप चालत नाही” एवढ्याच तक्रारीवरून कोणालाही दोष शोधता येत नाही. “पीक बिघडले” एवढेच सांगितल्यास कृषी अधिकारी तरी कोणते औषध सुचविणार? तक्रार लिहिताना पुढील गोष्टी टिपून ठेवाव्यात :

(१) गाव, गट क्रमांक, तारीख व वेळ.

(२) मोबाईलचा प्रकार आणि ॲपच्या आवृत्तीचा क्रमांक.

(३) कोणत्या पायरीपर्यंत काम झाले व कोठे अडले.

(४) पडद्यावर आलेला संदेश जसाच्या तसा. शक्य असल्यास त्याचे छायाचित्र.

(५) त्या वेळी रेंज होती किंवा नव्हती.

(६) तोच प्रकार दुसऱ्या मोबाईलवर घडतो काय.

दोष आणि सूचना यांची सरमिसळ करू नये. छायाचित्र घेताना ॲप बंद पडणे हा दोष होय. अक्षरे मोठी असावीत ही सूचना होय. दोन्ही उपयुक्त आहेत, परंतु दोषाची निकड अधिक असते. आपला परवलीचा आकडा मात्र तक्रारीत लिहू नये व कोणास सांगूही नये.

गावपातळीवरील कार्यकर्त्याचे काम

चांगला मोबाईल बाळगणाऱ्या चार तरुणांची मते म्हणजे सर्व गावाचे मत नव्हे. आर्वी, आष्टी व कारंजा तालुक्यांतील डोंगराळ गावे, वृद्ध खातेदार, स्वतः शेती सांभाळणाऱ्या स्त्रिया आणि जुना मोबाईल वापरणारे यांच्याकडेही नवी आवृत्ती तपासून पाहावी. रेंज नसताना शेतात घेतलेली नोंद नंतर पाठविता येते काय, हे प्रत्यक्ष करून पाहणे अगत्याचे आहे. शक्य तर नव्या आवृत्तीची पारख मुदतीच्या आरंभीच उरकावी. अखेरच्या दिवशी आढळलेला दोष त्या हंगामात सुधारणे कठीण असते.

एकाच अडचणीच्या दहा तक्रारी आल्यास त्या एकत्र करून, किती शेतकऱ्यांना ती भेडसावते हे नमूद करून तहसील कार्यालयाकडे पाठवाव्यात. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, तक्रारीचे काय झाले हे शेतकऱ्यास जाऊन सांगावे. दोष दूर झाला असेल तर तसे, आणि झाला नसेल तर तोवर नोंद कशी करावी तेही सांगावे. ज्याच्या अभिप्रायाला उत्तर मिळाले नाही, तो पुढील वर्षी बोलणार नाही. आणि शेतकरी बोलेनासा झाला म्हणजे पुढील आवृत्तीतही तोच दोष राहून जाईल.