हिवाळा आला, घरातल्या वडीलधाऱ्यांना पडू देऊ नका

दिवाळी सरली की साखऱ्याच्या भागातल्या वस्त्या निम्म्या रिकाम्या होतात. उचल घेतलेली जोडपी कोयता, भांडीकुंडी आणि तान्ही लेकरे घेऊन ऊसतोडीला जातात. कुणी वीटभट्टीवर जाते, कुणी पुण्या-मुंबईकडे. जे गावात राहतात ते दिवस उजाडताच कापूस वेचायला नाहीतर तुरीच्या रानात जातात. घरी उरतात शाळेत जाणारी नातवंडे आणि त्यांना सांभाळणारे आजी-आजोबा. सेनगाव तालुक्यातच नव्हे, मराठवाड्यातल्या कितीतरी बौद्ध वस्त्यांत हिवाळ्याचे चित्र असेच असते.

म्हातारी माणसे पडण्याची बरीचशी कारणे नेमकी याच दिवसांत एकत्र येतात. पहाटे चारला लघवीला उठलेली आजी अंधारात उंबऱ्याला अडखळते. न्हाणीतल्या ओल्या दगडावरून आजोबांचा पाय सटकतो. खुब्याचे हाड मोडते आणि कालपर्यंत नातवाला शाळेत सोडणारे माणूस बाजेला खिळते. मग ऊसतोडीला गेलेल्या लेकाला उचल अंगावर ठेवून परतावे लागते. एका माणसाच्या पडण्याने सगळे घर कोलमडते.

अशा वेळी आपण म्हणतो, "वय झालं, आता पडायचंच." आम्हाला आज हेच वाक्य खोडून काढायचे आहे. कारणाशिवाय काही घडत नाही, कारण दूर केले की परिणामही टळतो, हे तथागतांनी आपल्याला शिकवले. पडण्यालाही कारणे असतात आणि त्यांतली बरीचशी आपल्या हातांनी दूर करता येतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडल्यामुळे मरतात. त्यांतली बहुसंख्य आपल्यासारख्या गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतली असतात. याला नशीब म्हणून कसे चालेल?

हिवाळ्यातच धोका का वाढतो?

डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे रात्र जवळपास १३ तासांची असते. अंधार जास्त म्हणजे अंधारातले उठणे-चालणेही जास्त. थंडीत कातडीजवळच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि लघवीचे प्रमाण वाढते, म्हणून रात्री दोन-तीनदा उठावे लागते. गारठ्याने स्नायू आणि सांधे आखडतात. तोल गेला तर सावरायला उशीर होतो.

गोधडीतून झटकन उठले की रक्तदाब एकदम खाली येतो आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. रक्तदाबाच्या किंवा झोपेच्या गोळ्या घेणाऱ्यांना हा त्रास अधिक होतो. मधुमेहाने ज्यांचे तळपाय बधिर झाले आहेत त्यांना पायाखाली ओले आहे की कोरडे, हे कळत नाही. मोतीबिंदू असेल तर पायरी दिसत नाही. शेकोटीपाशी बराच वेळ उकिडवे बसून एकदम उठले तरी चक्कर येते, आणि तिथे तर पुढ्यातच विस्तव असतो.

आधी घर बघा

यासाठी फार खर्च लागत नाही. एखाद्या रविवारी घरातल्या तरुण मुला-मुलींनी आजी-आजोबांचा रोजचा रस्ता स्वतः चालून पाहावा: बाजेपासून दारापर्यंत, दारापासून न्हाणी आणि संडासापर्यंत. वाटेत जे जे पायात येते ते हलवावे. शेळीची दोरी, मोबाइलच्या चार्जरची वायर, पाण्याचा हंडा, फाटक्या सतरंजीचे टोक, सरपणाचा भारा, सगळे.

उंबऱ्यावर आणि पायरीच्या कडेला पांढऱ्या रंगाचा किंवा चुन्याचा जाड पट्टा ओढा. अंधुक नजरेलाही तो दिसतो. रात्रभर एक लहान दिवा चालू ठेवा. वीज जाते म्हणून उशाशी बॅटरी हवीच. ती उशाखाली गेली तर सापडत नाही, म्हणून दोरीने बाजेला बांधून ठेवा. रात्री लघवीसाठी बाजेजवळ झाकणाचे भांडे ठेवण्यात लाज कसली? अंधारात अंगण ओलांडण्यापेक्षा ते कितीतरी बरे.

न्हाणी ही सर्वांत धोक्याची जागा. पावसाळ्यात दगडावर साचलेले शेवाळ ब्लीचिंग पावडर टाकून ब्रशने घासून काढा. आंघोळीला बसायला बुटका, रुंद पायांचा, न हलणारा पाट किंवा स्टूल द्या. गरम पाण्याची बादली म्हाताऱ्या माणसाने चुलीपासून उचलून नेऊ नये. ते काम घरातल्या मोठ्या माणसाने करावे. न्हाणीच्या तोंडाशी टाकलेले गोणपाट सरकते, त्याऐवजी रबरी पायपुसणे टाका.

संडासात उकिडवे बसून उठताना पुष्कळांचा तोल जातो. तिथे आणि न्हाणीत हाताला धरायला भिंतीत पक्का लोखंडी पाइप बसवून घ्या. रमाई आवास योजनेतून घरकुल बांधत असाल तर हे बांधकाम चालू असतानाच गवंड्याला सांगा. पायऱ्या उंच ठेवू नका, न्हाणीत गुळगुळीत फरशी बसवू नका. घर बांधताना आजीचा विचार केला तर पुढे आपल्यालाही तेच घर साथ देईल.

झिजलेली चप्पल टाकून द्या. मागे पट्टा असलेली, तळाला खाचा असलेली चप्पल घ्या. गुळगुळीत फरशीवर नुसते मोजे घालून चालू नये. शाल आणि लुगड्याचा सोगा जमिनीवर लोळणार नाही, असा खोचून घ्यावा.

मग शरीर बघा

झोपेतून उठताना आधी कुशीवर वळावे, मग बाजेच्या कडेला पाय खाली सोडून दोन मिनिटे बसावे. घोटे दहा वेळा वर-खाली करावेत आणि मग आधार धरून उभे राहावे. ही एकच सवय लागली तरी पुष्कळ काम होते.

एक सोपी तपासणी विहारातही करता येईल. खुर्चीवरून उठायचे, दहा फूट नेहमीच्या चालीने जायचे, वळून परत यायचे आणि बसायचे. यासाठी १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका आहे असे समजावे आणि डॉक्टरांना दाखवावे. तपासणी घेताना शेजारी एकाने सावरायला उभे राहावे.

पायांत बळ राहावे म्हणून रोज दहा मिनिटे द्या. खुर्चीवरून किंवा ओट्यावरून दहा वेळा उठा-बसा. भिंतीला हात लावून दहा वेळा टाचा उचला. चौकट धरून आधी एका, मग दुसऱ्या पायावर दहा आकडे म्हणेपर्यंत उभे राहा. रविवारच्या वंदनेनंतर सगळ्या ज्येष्ठांनी मिळून हे केले तर हसत-खेळत होईल.

हाडांसाठी सकाळचे कोवळे ऊन सरल्यावर थोडा वेळ हात-पाय उघडे ठेवून उन्हात बसा. जेवणात दूध किंवा ताक, अंडी, मासे, हरभरा, तीळ आणि शेवग्याचा पाला असू द्या. मुलांच्या ताटात वाढून आजीने चटणी-भाकरीवर भागवायचे, ही रीत सोडा. पाळी गेल्यानंतर बायकांची हाडे झपाट्याने ठिसूळ होतात, म्हणून आजीला याची गरज जास्त आहे.

गोळ्यांनी चक्कर येत असेल तर गोळी स्वतःहून बंद करू नका, डॉक्टरांना सांगा. डोळे तपासून घ्या. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत.

राहिली काठी. "काठी घेतली की लोक म्हातारी म्हणतील," असे अनेक आज्या आम्हाला सांगतात. त्यांना आम्ही १४ ऑक्टोबर १९५६ च्या दीक्षाभूमीची आठवण देतो. बाबासाहेब आजारी होते, पाय साथ देत नव्हते. एका हातात काठी आणि दुसरा हात नानकचंद रत्तू यांच्या खांद्यावर ठेवून ते मंचावर आले आणि त्यांनी लाखोंना धम्म दिला. काठीने त्यांची उंची तसूभरही कमी झाली नाही. मग आपण का लाजायचे? काठीची उंची मनगटाइतकी असावी आणि टोकाला रबर असावे. ६५ वर्षे पूर्ण झालेल्या आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २ लाखांच्या आत असलेल्या ज्येष्ठांसाठी मुख्यमंत्री वयोश्री योजना आहे. चष्मा, काठी, वॉकर, कमोड खुर्ची अशा साधनांसाठी तीत ३,००० रुपये खात्यावर जमा होण्याची तरतूद आहे. समाजकल्याण कार्यालयात चौकशी करा.

पडलेच तर?

धावत जाऊन लगेच ओढून उठवू नका. आधी धीर द्या आणि कुठे दुखते ते विचारा. एक पाय आखूड दिसतो आहे, बाहेरच्या बाजूला वळला आहे, त्यावर भार देता येत नाही, तर खुब्याचे हाड मोडले असण्याची शक्यता मोठी. अशा वेळी चोळू नका, मालिश करू नका, हाड बसवणाऱ्याकडे नेऊ नका. अंगावर गोधडी घाला, पाय हलू देऊ नका आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. डोक्याला मार लागून उलटी, गुंगी किंवा बडबड सुरू झाली तर क्षणभरही थांबू नका. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर काही त्रास दिसत नसला तरी दवाखान्यात न्या.

"या वयात हाड जुळत नाही, कशाला ऑपरेशन?" हा समज घातक आहे. खुब्याचे ऑपरेशन एक-दोन दिवसांत झाले तर बहुतेक माणसे पुन्हा आधाराने चालू लागतात. नुसते झोपवून ठेवले तर पाठीला जखमा होतात, छातीत कफ साचून न्यूमोनिया होतो आणि त्यातच माणूस जातो. ७० वर्षांवरील सर्वांना आयुष्मान भारत योजनेत वर्षाला ५ लाखांपर्यंतचे संरक्षण आहे. त्याचे कार्ड आजच काढून ठेवा; पडल्यावर धावपळीत ते होत नाही.

घरी एकटे असताना पडलात तर घाबरून धडपडू नका. कुशीवर वळा, रांगत बाजेपर्यंत या आणि तिला धरून हळूहळू उठा. उठता आले नाही तर हाताला येईल ते पांघरून घ्या आणि आवाज करा. यासाठी गळ्यात एक शिट्टी बांधून ठेवा.

शिट्टी ऐकणारे कोणी हवे

पण शिट्टी ऐकायला शेजारी कोणी तरी हवे. म्हणून शेवटची गोष्ट घराची नाही, वस्तीची आहे. आजारी भिक्षू एकटा पडलेला दिसला तेव्हा तथागतांनी आनंदाला सोबत घेऊन स्वतःच्या हातांनी त्याला धुतले-पुसले आणि संघाला एकमेकांची सेवा करण्यास सांगितले. ही गोष्ट आपण विहारात अनेकदा ऐकली आहे. आता ती आचरणात आणू या.

टोळ्या गावाबाहेर पडण्याआधी विहारात बसून एक यादी करा. कोणत्या घरात म्हातारे माणूस एकटे राहणार, त्यांच्या मुलाचा फोन नंबर कोणता, शेजारी लक्ष कोण ठेवणार. ६ डिसेंबरला बरेच जण चैत्यभूमीला जातात. त्या तीन-चार दिवसांचीही वाटणी करा. शाळेत जाणाऱ्या नातवंडांना १०८ नंबर पाठ करून घ्या.

आणि रोज सकाळी एक करा. त्या दारासमोर थांबून "आजी, जय भीम!" म्हणा. आतून "जय भीम, बाबा" असे उत्तर आले की पुढे कामाला जा. उत्तर आले नाही, तर दार ढकलून आत जा.