घरच्या गॅरेजांतील मोटार-लिफ्ट

कोंडलेल्या द्रवावरील दाब सर्व बाजूंस सारखाच पोहोंचतो, हा पास्कलचा नियम. त्याच्याच आधारें जोसेफ ब्रामा यानें १७९५ सालीं द्रवदाब-यंत्राचें पेटंट घेतलें; आजची मोटार उचलणारी लिफ्टहि बहुधा याच तत्त्वावर चालते.

घरासाठीं ती घेतांना प्रथम काम पाहावें. दोन खांबांची लिफ्ट गाडीस भुजांवर तोलते. चाकें मोकळीं राहतात, म्हणून ब्रेकच्या कामास ती सोयीची. परंतु सारा भार दोन खांबांच्या पायांशीं एकवटतो. तेथें निदान चार इंच जाडीचें पक्कें काँक्रीट हवें. नुसती फरशी चालावयाची नाहीं. चार खांबांची लिफ्ट गाडीस चाकांवरच उभी ठेवते. खालीं दुसरी गाडी ठेवण्यास ती उत्तम. छताचाहि हिशेब करावा: दीड मीटर उंचीची गाडी पावणेदोन मीटर उचलावयाची, तर सव्वातीन मीटरांहून अधिक उंची लागेल.

तथापि खरी परीक्षा खिटीची. तेल गाडी वर नेतें. तिला तेथें धरून ठेवणें हें पोलादी खिटीचें काम. नळी फुटली तर दाब क्षणांत नाहींसा होतो. म्हणून सर्व खिट्या बसून गाडी त्यांवर टेकल्याखेरीज कोणींहि तिच्याखालीं जाऊं नये.