अडचणीची किंमत : दाराबाहेरचा माणूस आणि चावीवाल्याचं बिल

या व्याख्यानमालेत आपण न्याय, संमती, कर्तव्य असे भारदस्त शब्द घेतो आणि ते रोजच्या व्यवहारात कुठे भेटतात ते पाहतो. आजचा विषय फलकावर वाचून दोघा-तिघांनी विचारलं, ‘सर, कुलूप उघडणाऱ्याच्या बिलात तत्त्वज्ञान कुठून आलं?’ आलं आहे, आणि ते खिशाला लागणारं आहे. म्हणून आज थोडं तत्त्वज्ञान आणि बरंचसं व्यवहारज्ञान असं दोन्ही बघू.

प्रसंग डोळ्यांसमोर आणा. रात्रीचे साडेअकरा. कचऱ्याची पिशवी ठेवायला आपण दाराबाहेर येतो आणि वाऱ्याने लॅचचं दार धाडकन लागतं. चावी आत, आपण बाहेर. हातात मोबाईल आहे एवढंच नशीब. आपण नेटवर शोधतो, पहिला नंबर दिसतो तो लावतो. पलीकडून गोड आवाजात उत्तर येतं, ‘दोनशे रुपयांपासून.’ तासाभराने एक माणूस येतो, दाराकडे बघतो आणि म्हणतो, ‘काका, हे साधं लॅच नाही. ड्रिल मारावं लागेल.’ दार उघडतं, जुनं कुलूप निकामी होतं, नवं बसतं आणि आकडा येतो साडेचार हजार. आकडे समजुतीसाठी घेतले आहेत, पण क्रम ओळखीचा वाटला ना?

या क्रमात एक गोम आहे. फोनवर भाव सांगणारा वेगळा आणि दारात येणारा वेगळा. यादीत नाव आपल्या पेठेचं किंवा उपनगराचं असतं, पण फोन कुठल्या तरी कॉल सेंटरमध्ये वाजतो. तिथून काम तिसऱ्याच माणसाला दिलं जातं आणि त्यातून कमिशन कापलं जातं. ‘पासून’ हा शब्द फोनवरच्याने उच्चारलेला असतो, त्याचा हिशेब दारातला चुकता करून घेतो. ही काही फक्त आपल्याकडची गोष्ट नाही. जर्मनीत पूर्वी फोनच्या डिरेक्टरीत पहिलं नाव लागावं म्हणून अशा कंपन्या नावाआधी तीन-चार ‘ए’ लावत. आता तीच चढाओढ नेटवरच्या शोधात चालते.

आता पहिला प्रश्न घेऊ, संमतीचा. तो माणूस म्हणेल, ‘तुम्ही हो म्हणालात की.’ म्हणालो खरे. पण ते ‘हो’ कसलं होतं? ॲरिस्टॉटलने ‘निकोमाखीय नीतिशास्त्रा’त जहाजाच्या कप्तानाचं उदाहरण दिलं आहे. वादळात जीव वाचवायला तो माल समुद्रात फेकतो. ते त्याने स्वेच्छेने केलं का? हात त्याचेच, निर्णयही त्याचाच. पण शांत समुद्रात कुठला शहाणा माणूस माल फेकेल? ॲरिस्टॉटल अशा कृतींना संमिश्र म्हणतो. रात्री साडेअकराला दाराबाहेर दिलेली संमती याच जातीची आहे. ती खोटी नाही, पण पूर्णही नाही.

दुसरा प्रश्न भावाचा. इथे जरा सावकाश जाऊ, कारण अनेकांचा घोटाळा इथेच होतो. काही जण म्हणतात, ‘दोन मिनिटांचं काम, त्याचे इतके पैसे?’ हा आक्षेप बरोबर नाही. नवशिका तासभर झटतो, कुलूप खराब करतो, आणि त्याचा घाम बघून आपण वर बक्षिसी देतो. जाणता कारागीर दोन मिनिटांत ओरखडा न पाडता दार उघडतो आणि आपण कुरकुरतो. त्या दोन मिनिटांमागे वीस वर्षांचा हात असतो, त्याचे पैसे दिलेच पाहिजेत. रात्रीचा जादा आकारही रास्त आहे. त्याने झोप मोडली, पेट्रोल जाळलं.

मग अन्याय नेमका कुठे सुरू होतो? तेराव्या शतकात टॉमस अक्वायनस यांनी ‘सुम्मा थिओलॉजिया’ या ग्रंथात खरेदी-विक्रीतल्या लबाडीचा विचार करताना एक रेघ आखली आहे. विकणाऱ्याला वस्तू दिल्यामुळे जे नुकसान सोसावं लागतं, ते त्याने किमतीत धरावं. पण घेणाऱ्याची गरज मोठी आहे, एवढ्याच कारणाने भाव चढवू नये. का? कारण ती गरज विकणाऱ्याची नाही, घेणाऱ्याची आहे, आणि जे आपलं नाही ते विकायचा आपल्याला अधिकार नाही. चावीवाल्याची झोप त्याची आहे, ती त्याने बिलात लावावी. आपली अडचण आपली आहे, ती त्याला आपल्यालाच विकता येणार नाही.

आपल्या परंपरेतही हा विचार आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्राच्या चौथ्या अधिकरणाचं नाव ‘कंटकशोधन’, म्हणजे समाजातले काटे काढणं. त्यात पहिलं प्रकरण कारागिरांपासून लोकांच्या रक्षणाचं आणि दुसरं व्यापाऱ्यांपासून रक्षणाचं आहे. देशी मालावर शेकडा ५ आणि परदेशी मालावर शेकडा १० नफा अशी मर्यादाही त्यात घातली आहे. लबाडी जुनी आहे तसे तिच्यावरचे उपायही जुने आहेत.

न्यायालयांनी ही रेघ कशी वापरली ते पाहा. १९०३ साली इंग्लंडमध्ये ‘पोर्ट कॅलेडोनिया’ आणि ‘ॲना’ या जहाजांचा खटला झाला. जहाजं संकटात असताना मदतीला आलेल्या टगच्या कप्तानाने सुनावलं, हजार पौंड, नाहीतर दोर नाही. जहाजवाल्यांनी कबूल केलं. न्यायालयाने तो करार रद्द केला आणि टगवाल्याला दोनशे पौंड दिले. त्याला शून्य दिलं नाही, हे विसरू नका. दोर त्याने टाकला होता, त्याचं रास्त मोल त्याला मिळालं. वादळाचे पैसे मात्र मिळाले नाहीत.

जर्मनीत तर प्रश्न थेट कुलपाचाच आला. तिथल्या दिवाणी संहितेच्या १३८व्या कलमानुसार दुसऱ्याच्या अडचणीचा फायदा घेऊन केलेला अवाजवी व्यवहार रद्दबातल ठरतो आणि फौजदारी संहितेच्या २९१व्या कलमानुसार तो गुन्हाही होतो. पण दाराबाहेर अडकणं ही कायद्याच्या अर्थाने ‘अडचण’ आहे का? आत मूल नाही, गॅस चालू नाही, मग कसली अडचण? जानेवारी २०२०मध्ये तिथल्या फेडरल सर्वोच्च न्यायालयाने उत्तर दिलं, की स्वतःच्याच घरात जाता न येणं ही अडचणच आहे, तिला आणखी कारणं जोडावी लागत नाहीत. जर्मनीत शिकायला, नोकरीला गेलेली आपली मुलं हे ऐकत असतील तर त्यांनी लक्षात ठेवावं.

भारतात काय? ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये दोन गोष्टी कामाच्या आहेत. दोघांमध्ये ठरलेल्या दरापेक्षा जास्त पैसे घेणं हे तक्रारीचं कारण आहे. आणि बिल किंवा पावती न देणं ही अनुचित व्यापार प्रथा मानली आहे. शिवाय १८७२च्या करार कायद्याचं ७२वं कलम सांगतं, की जबरदस्तीने घेतलेले पैसे परत करावे लागतात. त्या कलमाखाली रेल्वेचं उदाहरण दिलं आहे. माल अडवून बेकायदा आकार मागितला, मालकाने तो नाइलाजाने भरला, तर जितका जास्तीचा भरला तितका त्याला परत मागता येतो. म्हणजे ‘पैसे दिले, विषय संपला’ हे खरं नाही.

आता करायचं काय ते क्रमाने सांगतो.

पहिलं, वादळ यायच्या आधी. एक चावी शेजारी किंवा जवळच्या नातेवाइकांकडे ठेवा. कोपऱ्यावर मशीन घेऊन बसणारा चावीवाला आहे ना, त्याच्याकडून डुप्लिकेट करून घेताना त्याचा नंबर आणि रात्रीचा दर विचारून ठेवा. सोसायटीच्या नोंदवहीतही तो लिहून ठेवा.

दुसरं, फोनवर. दार नुसतं ओढलं गेलं आहे की चावी फिरवून लॉक केलेलं आहे, ते सांगा. नुसतं ओढलेलं दार जाणता कारागीर बहुतेक वेळा कुलूप न फोडता उघडतो. मग विचारा, ‘येण्याचे, रात्रीचे, उघडण्याचे मिळून जास्तीत जास्त किती?’ ‘पासून’ चालणार नाही, ‘पर्यंत’ हवं. तो आकडा व्हॉट्सॲपवर लिहून मागा. कायद्यातला ‘ठरलेला दर’ तोच.

तिसरं, दारात. काम सुरू व्हायच्या आधी आकडा पुन्हा म्हणवून घ्या. आल्या आल्या ड्रिल काढला तर थांबवा आणि कारण विचारा. भाव बदलला तर येण्याचे ठरलेले पैसे देऊन परत पाठवायची तयारी ठेवा. एकटे उभे राहू नका, शेजाऱ्यांना किंवा वॉचमनला बोलवा. आणि घर तुमचंच आहे का, असं त्याने विचारलं तर रागावू नका, ती चांगल्या कारागिराची खूण आहे.

चौथं, नंतर. येणं, मजुरी, नवं कुलूप असं वेगवेगळं लिहिलेलं बिल मागा. रोख देऊ नका. जास्तीची रक्कम द्यावीच लागली तर ‘हरकत नोंदवून देत आहे’ असा मेसेज त्याच वेळी पाठवा. काढलेलं कुलूप जपून ठेवा, तो पुरावा आहे. धमकी दिली, वाट अडवली, तर ११२.

नंतर त्याला लेखी कळवा, की ठरल्याप्रमाणे इतके रास्त, वरचे इतके परत करा. उत्तर नाही आलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तरीही नाही, तर जिल्हा ग्राहक आयोग. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, ती ऑनलाइनही दाखल होते, मुदत दोन वर्षं. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही आणि वकील सक्तीचा नाही.

(श्रोत्यांतून एका भगिनींनी विचारलं, ‘सर, आत लहान मूल अडकलं असेल किंवा गॅस चालू असेल, तेव्हा कोण भाव ठरवत बसणार?’)

अगदी बरोबर. तेव्हा भाव ठरवायचाच नाही. थेट १०१, अग्निशमन दल. अशी दारं उघडणं हे त्यांचं नेहमीचं काम आहे. चावीवाला आधी पोहोचला तर उघडू द्या, पैशाचं नंतर बघता येईल. आपला सगळा कायदा हेच तर सांगतो, की संकटात दिलेला शब्द नंतर तपासता येतो.

(दुसरा प्रश्न : ‘दोन-तीन हजारांसाठी एवढा खटाटोप कोण करणार?’)

हाच हिशेब समोरच्याने मांडलेला असतो. रक्कम मुद्दाम अशी असते, की चीड यावी पण तक्रार होऊ नये. आणि नुकसान आपल्या एकट्याचं होत नाही. नाक्यावरचा प्रामाणिक चावीवाला खरा दर सांगतो, म्हणून नेटवरच्या ‘दोनशेपासून’पुढे तो महाग दिसतो आणि त्याचं काम जातं. आपली तक्रार त्याच्याही बाजूची असते. तेव्हा आज घरी जाताना एवढंच करा, त्याच्या टपरीपाशी थांबा आणि त्याचा नंबर घ्या.

पुढच्या वेळी ‘वचन’ या विषयावर बोलू.