पीसीओएस : गाठी नव्हेत, वाढ थांबलेल्या बीजपुटिका
पीसीओएस या विकारात सोनोग्राफीत दिसणाऱ्या ‘गाठी’ वस्तुतः वाढ अर्ध्यावर थांबलेल्या बीजपुटिका असतात. मेंदूतील पीयूषिका ग्रंथी एलएच आणि एफएसएच ही संप्रेरके स्रवते. या विकारात अनेकदा एलएचचे प्रमाण तुलनेने वाढते. त्यामुळे बीजांडकोशात अँड्रोजेन अधिक तयार होते, बीज पक्व होत नाही आणि पाळी लांबते. चेहऱ्यावरील राठ केस, मुरुमे हीदेखील अँड्रोजेनचीच देणगी. रक्तातील वाढलेले इन्सुलिन त्यात भर घालते.

२००३ च्या रॉटरडॅम निकषांनुसार अनियमित पाळी, अँड्रोजेनचे आधिक्य आणि पुटिका यांपैकी दोन बाबी निदानास पुरेशा आहेत. मात्र तत्सम अन्य विकार आधी वगळावे लागतात. किशोरवयीन मुलींत तर सोनोग्राफीवरून निदान करू नये, असे २०२३ ची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे सांगतात.