चिठ्ठीखालचे चित्र

स्टीलच्या नव्या डब्यावरची किमतीची चिठ्ठी काढावयाची झाल्यास आपल्याकडची गृहिणी डबा क्षणभर गॅसवर धरते, अथवा चिठ्ठीवर खोबरेल तेल चोळून ठेवते आणि उरलेला चिकटा घासणीने साफ करते. हा घरगुती इलाज इतका हुकमी आहे की जुन्या व्हिडिओ गेमच्या कॅसेटवरही तो लागू पडेल अशी पुष्कळ संग्राहकांची प्रामाणिक समजूत असते. पण पोलाद तेल पीत नाही, कागद पितो. आणि कॅसेटवरची दुकानाची चिठ्ठी बहुधा कागदी लेबलवरच, म्हणजे कागदावर कागद अशी, बसलेली असते. लेबलवरच्या चकचकीत लेपाला कोठे चीर गेलेली असली की तेल तेथून आत शिरते, आणि डिंक निघून गेल्यावरही चित्रावर तेलकट, पारदर्शक डाग कायमचा मुक्काम ठोकतो. घासलेट आणि बाजारातली तेलकट फवारणी यांचीही गत तीच. आणि पेट्रोलचे तर नावच नको.

या चिठ्ठ्या आल्या कोठून, हेही सांगितले पाहिजे. निन्टेंडो कंपनीचे कॅसेटवर चालणारे व्हिडिओ गेमचे यंत्र अमेरिकेत प्रथम न्यूयॉर्क शहरात १९८५ च्या ऑक्टोबरात विक्रीस आले, आणि योगायोग असा की ब्लॉकबस्टर या चित्रफिती भाड्याने देणाऱ्या कंपनीचे पहिले दुकान डॅलस येथे त्याच महिन्यात उघडले. पुढे तिकडच्या अशा दुकानांतून गेमही भाड्याने मिळू लागले, आणि मालमत्ता आपली आहे याचा दाखला म्हणून दुकानदाराने आपले नाव, अनुक्रमांक आणि परत करण्याविषयीची ताकीद नेमकी चित्राच्या तोंडावर डकवली.

उष्णतेविषयीचा गैरसमज अधिक मोहक आहे, कारण तो अर्धा खरा आहे. केस वाळवण्याच्या यंत्राच्या उष्ण झोताने दुकानाच्या चिठ्ठीचा डिंक मऊ होतो, यात संशय नाही; परंतु ज्या डिंकाने मूळ लेबल प्लास्टिकला धरून ठेवले आहे तोही त्याच झोताने मऊ होतो, आणि मग चिठ्ठीबरोबर लेबलही सुरकुतून उचलले जाते. उष्णतेला आपला डिंक कोणता आणि परका कोणता हे कळत नाही. नखांचा रंग काढण्याच्या द्रवाची तर बातच सोडा: त्यातील ॲसिटोन लेबलची शाई आणि लेप यांना बाधते इतकेच नव्हे, तर कॅसेटचे करडे कवच ज्या एबीएस प्लास्टिकचे असते, तेही विरघळवते.

स्पिरिट उडून जाते म्हणून ते निरुपद्रवी, असेही पुष्कळजण मानतात. औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या सत्तर टक्क्यांच्या स्पिरिटात उरलेला भाग बहुतांशी पाण्याचा असतो. पाण्याने कागदाचे तंतू फुगतात, आणि स्पिरिटाने काही शाया व लेप सुटतात. याउलट हेप्टेन नावाचा जो द्रव जाणते संग्राहक वापरतात, त्याचे वैशिष्ट्य असे की तो रबरी जातीच्या डिंकात सहज मुरून त्याची पकड ढिली करतो, कागदाच्या तंतूंना मात्र फुगवीत नाही, आणि तेलकट अंश मागे न ठेवता काही मिनिटांत उडून जातो. चिठ्ठीवर थेंब सोडल्यावर तिचा कागद ओला होऊन क्षणभर पारदर्शक दिसतो, तेव्हा घाबरून जाण्याचे कारण नाही. मात्र लेबलच्या कडेला पूर येऊ देऊ नये, कारण तेथून तो मूळ डिंकापर्यंत पोहोचतो. आधी एखाद्या आडबाजूच्या कोपऱ्यावर खातरजमा करून घ्यावी. आणि खिडकी उघडी ठेवून, विस्तवापासून दूर बसावे, कारण हा द्रव अत्यंत ज्वालाग्राही आहे.

यानंतर घाई हा एकच शत्रू उरतो. जखमेवरची पट्टी झटक्यात ओढावी, तशी चिठ्ठी ओढणारे असंख्य आहेत. पण या डिंकाचा स्वभावच असा की ओढ जितकी वेगवान तितका त्याचा प्रतिकार मोठा, आणि तो प्रतिकार कागदाच्या बळाहून वाढला की चित्राचा वरचा पापुद्राच चिठ्ठीला चिकटून येतो. म्हणून प्लास्टिकच्या पातळ पातीने एक कोपरा उचलून, चिठ्ठी जवळजवळ स्वतःवरच दुमडत, अगदी संथपणे मागे घ्यावी, आणि ती अडली की आणखी एक थेंब सोडून थांबावे. बदलाबदल टळावी म्हणून काही किमतीच्या चिठ्ठ्यांना मुद्दामच चिरा पाडलेल्या असतात. त्या तुकड्यातुकड्यांनीच निघणार, त्याबद्दल स्वतःला दोष देऊ नये.

चिठ्ठी निघाली की खाली कोरे करकरीत चित्र मिळेल, ही शेवटची आशा; आणि ती खरी ठरते तेव्हाच अधिक त्रासदायक होते. लेबल वर्षानुवर्षे उजेडात राहिले असेल तर भोवतालचा रंग विटलेला असतो, आणि चिठ्ठीच्या सावलीत राहिलेला चौकोन तेवढा मूळच्या तजेल्याने उठून दिसतो. या चौकोनावर कोणताही द्रव चालत नाही. म्हणून लेबल फार विटलेले दिसले, तर मी दुकानाचे नाव आहे तसेच राहू देतो, अनुक्रमांकही.